आधी माप, मग खुर्ची

चाकाची खुर्ची दिसायला सोपी वस्तू आहे. दोन मोठी चाकं, दोन लहान, मध्ये बैठक. म्हणून ती वाटायलाही सगळ्यांना आवडते. पन्नास खुर्च्या ओळीत मांडल्या की फोटो झकास येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच खुर्च्या अशाच ओळीतून आलेल्या असतात. त्यातल्या कित्येक मोडलेल्या नसतात, फक्त बसणाऱ्याच्या मापाच्या नसतात. बैठक कुल्ल्यांपेक्षा चार बोटं रुंद, म्हणून माणूस एका बाजूला कललेला. पाय टेकायची फळी खोल, म्हणून पाय लोंबकळतायत. पुढची चाकं इतकी बारीक की मातीच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात रुततात. थोड्याच दिवसांत खुर्ची कोपऱ्यात जाते आणि माणूस पुन्हा जमिनीवर सरपटायला लागतो. देणारा मात्र आकडा लिहून मोकळा झालेला असतो.

मी साधनं बसवतो आणि दुरुस्त करतो. स्वतः एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) घालतो आणि कुबडी वापरतो, त्यामुळे काही गोष्टी मला कुणी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून कृत्रिम पायापर्यंत एखादं तरी सहायक साधन लागतं, आणि जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही. काही गरीब देशांत गरजेपैकी जेमतेम तीन टक्के भागते. पैसा कमी आहे, खरंच. पण आहे तो पैसा चुकीच्या मापाच्या साधनांवर गेला तर तो दोनदा वाया जातो: एकदा साधनावर आणि पुन्हा त्या साधनाने केलेल्या जखमेवर. तुमची छोटी संस्था असेल, दवाखाना असेल, वेल्डिंगचं दुकान असेल किंवा घरातल्याच कुणासाठी काही करायचं असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

विचारायचं कुणाला

ज्याला साधन हवं त्याला. हे सांगावं लागतं, कारण बहुतेक वेळा प्रश्न बरोबर आलेल्या भावाला नाहीतर आईला विचारले जातात आणि खुर्चीतला माणूस गप्प बसून ऐकत असतो. "याला काय हवंय?" असं त्याच्या डोक्यावरून विचारू नका. विचारायचं ते असं: दिवसाचा वेळ कुठे जातो? काम काय करता, काय करायची इच्छा आहे? घरात फरशी की माती? रस्ता कसा? संडास कुठे, तिथवर आत्ता कसे जाता? खुर्चीवरून पलंगावर एकटे जाता की कुणी उचलतं? आधी एखादं साधन होतं का, आणि ते का सुटलं? या शेवटच्या उत्तरात निम्मं डिझाइन असतं.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना मोठी, दणकट तीनचाकी मिळाली होती. बाहेर झकास चालायची, पण मशीनखाली जायची नाही. त्यांना घरासाठी बुटकी खुर्ची हवी होती, जिचे हात काढून ठेवता येतील. बाहेर जाणं त्यांना आठवड्यातून एकदा, शिलाई करणं रोज.

खुर्चीचं माप

माणसाला कडक फळीवर किंवा बाकावर ताठ बसवा. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पुस्तकं, विटा, काहीही ठेवा, पण गुडघे काटकोनात यायला हवेत. पलंगाच्या गादीवर घेतलेलं माप खोटं असतं.

पहिलं माप कुल्ल्यांची रुंदी, जिथे सगळ्यात जास्त भरते तिथे. बैठक तेवढीच. "थोडी मोकळी असू दे, जाड कपडे घालेल" या प्रेमळ आग्रहाला बळी पडू नका. मोकळ्या बैठकीत कणा वाकडा होतो आणि चाकं हातापासून लांब जातात. दुसरं माप पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. त्यातून तीन ते सहा सेंटीमीटर वजा करा, ती बैठकीची खोली. वजा केलं नाही तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते आणि ती टोच चुकवायला माणूस पुढे घसरून बसतो. दोन्ही पायांचं माप घ्या, ते वेगळं निघू शकतं. तिसरं, गुडघ्यामागून टाचेपर्यंत, रोज जी पादत्राणं घालतात ती घालून. यावरून पाय टेकायची फळी ठरते. हे माप धरताना उशीची जाडी हिशेबात घ्या, कारण उशी माणसाला उचलते. चौथं माप पाठीचं. हाताने स्वतः चाक फिरवणाऱ्याला पाठ खांद्याच्या पात्याच्या खालपर्यंतच हवी, पातं मोकळं राहिलं तरच हात मागे जातो. ज्याचं धड सावरत नाही त्याला उंच पाठ लागते.

मग चाकं. सपाट फरशीसाठी केलेल्या खुर्चीचा पुढचा-मागचा चाकातला पल्ला आखूड असतो; खडबडीत जमिनीवर ती पुढे तोंडावर पडते. पल्ला लांब केला की खुर्ची स्थिर होते, पण वळायला जागा जास्त घेते. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणूनच आधी तो रस्त्याचा प्रश्न. पुढची चाकं रुंद आणि रबरी असू द्या. राल्फ हॉचकिस नावाचा अमेरिकन अभियंता १९६६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर स्वतः खुर्चीत आला. १९८० मध्ये तो निकाराग्वाला गेला आणि तिथल्या खुर्ची वापरणाऱ्या लोकांबरोबर बसून खुर्च्या बनवायला लागला. त्याच्या खुर्च्यांना पुढे जे रुंद, मऊ रबराचं चाक असतं त्याला 'झिंबाब्वे व्हील' म्हणतात, कारण ती कल्पना तिथल्या कारागिरांकडून आली. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे की शोध खुर्चीत बसणाऱ्यांनी आणि वेल्डिंग करणाऱ्यांनी मिळून लावला.

मागच्या चाकाबाबत माझा एकच हट्ट आहे. जवळच्या सायकल दुकानात जी टायर-ट्यूब मिळते त्याच मापाचं चाक घ्या. बेअरिंगही बाजारात सर्रास मिळणाऱ्या क्रमांकाचं. परदेशातून आलेली सुंदर, हलकी खुर्ची एका बेअरिंगपायी वर्षभर पडून राहते. सायकलच्या सुट्या भागांवर चालणारी काळी-जाड खुर्ची दुपारी बिघडली तर संध्याकाळी चालू होते.

उशी: इथे घाई करू नका

ज्यांच्या मणक्याला दुखापत झालीय आणि कमरेखाली संवेदना नाही, त्यांच्यासाठी खुर्चीपेक्षा उशी महत्त्वाची. टोचतंय हे त्यांना कळत नाही. बसल्यावर ज्या दोन हाडांवर भार येतो त्यांच्याखालची कातडी दबून तिथलं रक्त थांबतं, मग ती लाल होते, मग फाटते. हीच जखम म्हणजे बेडसोर. ती हाडापर्यंत जाते, त्यात जंतू शिरले तर माणूस दगावू शकतो. उशीशिवाय अशा माणसाला खुर्ची देऊ नका. अगदी नाही.

उशी घरच्या घरी करता येते. खाली घट्ट फोमचा थर, साधारण चार बोटं जाड. त्यात बसायच्या हाडांच्या जागी मागच्या बाजूला एक उथळ खळगा कापा, म्हणजे भार मांड्यांवर सरकतो आणि हाडं मोकळी होतात. त्यावर मऊ फोमचा पातळ थर. खळग्याची जागा अंदाजाने ठरवायची नाही: माणसाला ओल्या वाळूवर किंवा मऊ मातीवर पातळ कापड टाकून बसवा, हाडांचे दोन खड्डे स्वच्छ उमटतात. लघवीने फोम कुजतो, म्हणून फोमवर पातळ प्लास्टिक आणि वरून ताणणारं कापड. खोळ सैल हवी. ताणून शिवलेली खोळ झोळीसारखी होते आणि आतला खळगा असून नसल्यासारखा.

आता चाचणी, आणि ही चाचणी शिकल्याशिवाय कुणालाही उशी देऊ नका. माणूस उशीवर बसलेला असताना त्याला सांगून, विचारून, तुमचा हात तळवा वर करून उशी आणि हाड यांच्या मधे सरकवा. बोटांची टोकं वर-खाली पाच मिलिमीटर तरी हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण हात सहज निघतो, तर धोका आहे. बोटं चिमटली आणि हात ओढून काढावा लागला तर ती उशी निकामी; खळगा खोल करा किंवा फोम बदला. दोन्ही बाजूंना वेगवेगळं तपासा. स्त्रीची चाचणी स्त्रीनेच करावी, किंवा तिनेच ठरवावं कुणी करायची.

उशी कितीही चांगली असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी भार हलवायचा. हातांवर जोर देऊन कुल्ले उचलणं लोकांना शिकवतात, पण तसं कुणी फार वेळ टिकत नाही आणि खांदे कामातून जातात. त्यापेक्षा टेबलावर किंवा मांड्यांवर छाती टेकून पुढे वाकायचं, दोनेक मिनिटं तसंच राहायचं. नाहीतर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलायचं. रात्री झोपताना छोट्या आरशाने मागची कातडी बघायची. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर तो बरा होईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही. फोम दबून चपटा होतोच, तेव्हा उशी बदलायची तारीख खुर्ची देतानाच ठरवा.

काठी, कुबडी

इथे थोडक्यात, कारण माप सोपं आहे आणि चुका नेहमीच्याच. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. सिनेमात नट नेमकी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. काखेतल्या कुबडीचा वरचा भाग काखेपासून दोन-तीन बोटं खाली असावा आणि भार तळहातांवर. काखेत लटकून चाललं तर तिथली नस दबते आणि हाताला मुंग्या येऊन तो लुळा पडू लागतो. मी स्वतः कोपराखाली धरायची कुबडी वापरतो, त्यात हा प्रश्नच नाही.

खालचं रबर गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर कुबडी निसटते. नवं मिळत नसेल तर जुन्या टायरच्या जाड रबराची चकती कापा, लाकडी कुबडीच्या टोकाला स्क्रूने बसवा, पण स्क्रूचं डोकं रबरात खोल बुडलेलं हवं. वर राहिलं तर तेच घसरतं. नळीच्या कुबडीत आधी आतून एक वॉशर टाका, नाहीतर नळीची कड रबर कापून बाहेर येते.

कृत्रिम पायाचं काम घरी करू नका, ते प्रशिक्षित माणसाचं. पण कुठला पाय मागायचा हे माहीत असू द्या. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर जो रबरी पाय केला, तो अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, पाण्या-चिखलात उतरता यावं म्हणून केला. बूट घालायला केलेला पाय शेतात काय कामाचा? रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने पॉलिप्रोपिलीनचे अवयव अनेक देशांत पोचवले, तेही स्वस्त, हलके आणि पाण्याला न घाबरणारे. विचारताना एवढं विचारा: दुरुस्ती कुठे होईल, आणि मूल वाढेल तेव्हा बदलून कोण देईल.

पुठ्ठ्याची खुर्ची

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला बसतं करायला महागडी आसनं लागतात असं ऐकून आईबाप हात टेकतात. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी जुना पुठ्ठा, कागद आणि पिठाची खळ यांतून अशी आसनं करण्याची पद्धत रुजवली. ती आजही कुठेही करता येते. खोक्याच्या पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवा, प्रत्येक थराच्या आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या आधीच्या थराला आडव्या. सहा-सात थर दाबाखाली वाळू द्या, फळीइतकं कडक होतं. मग मुलाच्या मापाने कापायचं: कमर काटकोनात, पाय टेकलेले, मांड्यांच्या मधे एक ठोकळा म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात नाहीत, पुढे हात टेकायला फळी. सांध्यांवर कागदाच्या पट्ट्यांचे थर द्या. पूर्ण वाळल्यावरच वॉर्निश, आतला ओलावा अडकला तर आसन कुजतं. फळीवर मुलाला आवडेल ते चित्र काढा. मुलं या आसनात नीट बसली की जेवणही गिळता येतं, ठसका कमी लागतो. आईला पहिला फरक तिथे दिसतो.

घर आणि दारं

रॅम्पचा उतार एकास बारा. पंधरा सेंटीमीटरची पायरी असेल तर उतार एकशे ऐंशी सेंटीमीटर लांब. जागा नाही म्हणून निम्म्या लांबीत केलेला उतार म्हणजे घसरगुंडी; त्यावर खुर्ची मागे उलटते. तितकी जागा नसेलच तर मधे सपाट टप्पा घेऊन वळवा. रुंदी नव्वद सेंटीमीटर, वरच्या टोकाला दारासमोर दीड मीटर सपाट, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे गडगडते. दोन्ही कडांना चार बोटं उंच बांध. ओल्या सिमेंटवर खराटा आडवा ओढा, चाक धरून राहतं.

दार मोकळं ऐंशी सेंटीमीटर हवं. कमी असेल तर भिंत फोडण्याआधी दार काढून पडदा लावून बघा, पाच-एक सेंटीमीटर तिथेच मिळतात. संडासात बैठकीची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी असेल तर माणूस सरकून जातो, उचलावं लागत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडणं हा सर्वांत प्रसिद्ध जुगाड आहे आणि मला तो आवडत नाही: भोक पाडल्यावर बैठक चिरते आणि ओल्या फरशीवर खुर्चीचे पाय फाकतात. लोखंडी नळीची चौकट वेल्ड करून घ्या. धरायचा दांडा भिंतीत बोल्टने पक्का, आणि बसवल्यावर आधी स्वतः त्यावर लटकून बघा.

डोळे आणि कान

पांढरी काठी उभी धरल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. खांद्यांपेक्षा किंचित रुंद कमान करत, डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे. काठी देऊन शिकवलं नाही तर ती मिरवायची वस्तू होते. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक मुळात असतंच, कुठे पैसे मोजायचे नाहीत. संगणकावर ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट उतरवता येतं. फोन स्वस्त घ्या, पण कमी मेमरीचा नको. टॉकबॅक अडखळायला लागलं की माणूस ते बंदच करतो.

श्रवणयंत्रासाठी आधी कानातला मळ तपासून घ्या. मग बॅटरीचा प्रश्न, कारण यंत्र काही वर्षं चालतं आणि बॅटऱ्या सतत लागतात. बोट्सवानात कर्णबधिर कामगारांनी सौर ऊर्जेवर चार्ज होणारी श्रवणयंत्रं बनवली ती याच अडचणीतून. चार्ज होणारी बॅटरी मिळत असेल तर तीच मागा.

पैसे आणि कायदा

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार डिसेंबर २००६ चा. त्याचं कलम २० हालचालीची साधनं परवडणाऱ्या किमतीत मिळण्याबद्दल सांगतं, कलम ९ इमारती, रस्ते, माहिती सगळ्यांना वापरता येण्याबद्दल. अर्ज करताना कलमाचा आकडा लिहा, टेबलापलीकडचा माणूस जरा सरळ बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पन्नास अत्यावश्यक साधनांची यादी काढली. तुमच्या सरकारने स्वतःची यादी केली नसेल तर मागणीला तीच जोडा. साधनं बाहेरून आणत असाल तर फ्लॉरेन्स करार (१९५०) आणि त्याचा नैरोबी प्रोटोकॉल (१९७६) बघा: दिव्यांगांच्या साधनांवर आयात शुल्क लावू नये असं त्यात आहे. तुमचा देश त्यात सामील असेल तर कस्टमच्या खिडकीवर हे छापून न्या.

दान म्हणून आलेलं साधन नाकारायचं धैर्य ठेवा. सुटे भाग मिळणार नाहीत, मापं एकच, असं दिसलं तर आभार मानून तेवढ्याच पैशांत एक टेप, एक वेल्डिंग मशीन आणि एका माणसाचं प्रशिक्षण मागा. शक्य असेल तर तो माणूस स्वतः साधन वापरणारा असावा.

दिल्यानंतर

साधन दिलेल्या दिवशी माणसाला खुर्चीसोबत तीन गोष्टी द्या: नट-बोल्ट आवळायचे दोन पाने, पंक्चर काढायचं सामान आणि एक जादा ट्यूब. त्याच्याकडून तुमच्यासमोर एकदा चाक काढून बसवून घ्या. आठवड्याने कातडी आणि उशी बघा, महिन्याने आरे, ब्रेक आणि नट-बोल्ट. मुलांचं माप दर सहा महिन्यांनी नव्याने घ्या. आणि जेव्हा जाल तेव्हा साधन कुठे ठेवलंय ते आधी बघा. चाकांवर ताजी माती असेल तर खुर्ची रोज वापरात आहे. तिच्यावर कपडे वाळत घातलेले असतील तर चिडू नका. टेप काढा आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा विचारायला लागा.